रात्री मुंग्या येणारा हात

मुंब्र्याच्या एका भगिनीचे पत्र आहे. त्यांचा 24 वर्षांचा मुलगा दर रविवारी मुंब्र्याच्या डोंगरात कातळ चढायला जातो. काही महिन्यांपासून रात्री हाताला मुंग्या येऊन त्याला जाग येते. हात झटकला की बरे वाटते. तपासणीत कार्पल टनेल निघाले, ऑपरेशन सांगितले आहे. अम्मीला ऑपरेशनची धास्ती, मुलाला चढणे सुटेल याची.

मनगटात एक अरुंद बोगदा असतो. त्यातून बोटे वळवणाऱ्या 9 कंडरा आणि एक नस जाते. कंडरा सुजल्या की नस दबते. अंगठा आणि शेजारची दोन-तीन बोटे बधिर होतात, करंगळी मात्र वाचते. सुरुवातीलाच आले तर रात्री मनगटाला पट्टा बांधून आणि चढणे थांबवून पुष्कळांना आराम पडतो. शुगर आणि थायरॉईडही तपासून घ्यावे. पण अंगठ्याच्या बुडाचा मांसल भाग सपाट होऊ लागला असेल तर टाळाटाळ नको. तो एकदा झिजला की पूर्ण भरून येईलच असे नाही.

ऑपरेशन हात बधिर करून, साधारण 15-20 मिनिटांचे. बोगद्यावरचा जाड पडदा कापून नसेला जागा करतात. बोटे त्याच दिवसापासून हलवायची. टाके 10 ते 14 दिवसांनी निघतात. तोवर पट्टी कोरडी ठेवा. वजूत पट्टीवर ओला हात फिरवला की झाले. सजद्यातून उठताना त्या तळहातावर भार देऊ नका, हे कुणी सांगत नाही आणि जखम तिथेच ठणकते.

रात्रीच्या मुंग्या बहुधा लवकर थांबतात, बधिरपणा जायला महिने लागू शकतात. तळहाताच्या बुडाशी दाबले की दुखते, तेही दोन-तीन महिने चालू शकते. एवढ्यावरून ऑपरेशन फसले म्हणू नये. सर्जनने होकार दिला तर सहा-आठ आठवड्यांनी सोपे, मोठ्या पकडीचे चढणे सुरू करता येते. बोटांच्या टोकांवर लटकणे तीन महिन्यांच्या आत नकोच.

आणि मुलाला एक विचारा, खाली उभा राहून जोडीदाराचा दोर तोच धरतो ना? त्या हाताला दोर नीट जाणवत नसेल, तर वरून पडणारा दुसऱ्या कुठल्या तरी आईचा मुलगा असेल. तोवर दोर दुसऱ्याने धरावा.

दोन्ही हातांना त्रास असेल तर शक्यतो एकेक करून घ्या. जेवायला आणि इस्तिंजाला एक हात मोकळा लागतोच.