एकाच शेताची शतकभराची साक्ष

अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या आवारात, इमारतींच्या दाटीमध्ये, मक्याचे एक लहानसे शेत आहे. प्राध्यापक जॉर्ज मॉरो यांच्या नावाने ओळखले जाणारे हे प्रयोगक्षेत्र 1876 साली आखले गेले. त्यातील एका तुकड्यात तेव्हापासून प्रतिवर्षी मकाच घेतला जातो, तर इतर तुकड्यांत मक्याची अन्य पिकांबरोबर फेरपालट होते. 1960 नंतरच्या दशकात या शेताशेजारी नवे ग्रंथालय बांधावयाचे ठरले, तेव्हा इमारतीची सावली पिकावर पडू नये म्हणून ते ग्रंथालय जमिनीखाली बांधण्यात आले. ज्ञानमंदिराने शेतासाठी आपले डोके खाली घेतले, असे हे उदाहरण विरळाच म्हणावे लागेल.

या लहानशा तुकड्याचे एवढे मोल कशासाठी? कारण जमिनीचा ऱ्हास एका हंगामात दिसत नाही. खताची मात्रा वाढविली की पीक हिरवेगार दिसते आणि आपण समाधान मानतो. परंतु त्याच शेतात वर्षानुवर्षे एकच पीक घेतले, काडीकचरा परत दिला नाही, तर जमिनीतील सेंद्रिय अंश हळूहळू सरतो. मॉरो क्षेत्रात नेमके हेच दिसून आले. फेरपालटीच्या तुकड्यांत उत्पन्न अधिक टिकले. खतावाचून सतत मका घेतलेला तुकडा मागे पडला.

आपल्या देशातही असे कार्य चालू आहे. कोइमतूर येथील कायम खतप्रयोग 1909 पासूनचा असून तो आज तेथील कृषी विद्यापीठाच्या शेतावर आहे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात काळ्या जमिनीवर ज्वारी-गहू या पीकक्रमाचा दीर्घकालीन प्रयोग 1980 नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून चालू आहे. काही तुकड्यांना खत मुळीच नाही, काहींना केवळ नत्र, काहींना शिफारशीच्या निम्मी, पूर्ण वा दीडपट मात्रा, तर काहींना रासायनिक खतासोबत शेणखत. निष्कर्ष स्पष्ट आहे. केवळ नत्राच्या भरवशावर उत्पन्न टिकत नाही. संतुलित खतास शेणखताची जोड मिळाली, की उत्पन्न व जमिनीचा कस दोन्ही राखले जातात.

तथापि या ज्ञानाचा लाभ गावापर्यंत किती पोहोचला, हा प्रश्न आपण प्रामाणिकपणे विचारला पाहिजे. शिवारफेरीस गेलेल्या आपल्या शेतकरी बांधवांची पावले नव्या वाणाकडे वळतात, आणि ते स्वाभाविकही आहे. खुरटलेल्या पिकाच्या तुकड्यापुढे कोण थांबणार? परंतु माझ्या मते त्या शिवारातील सर्वांत मोलाचा धडा तोच तुकडा शिकवितो. विद्यापीठांनी तेथे सोप्या मराठीत फलक लावावा, आणि कृषी कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांना तेथे मुद्दाम उभे करावे.

विद्यापीठांकडेही एक मागणे आहे. शेणखत घाला, हा उपदेश योग्य खरा. पण ज्याच्या दावणीला आज एकही जनावर उरले नाही, त्याने ते आणावे कोठून? ट्रॅक्टर आला, बैल गेले, आणि त्यांच्याबरोबर उकिरडाही गेला. म्हणून पाचट कुजविणे, ताग-धैंचा गाडणे, बांधावर गिरिपुष्प लावून त्याचा पाला घालणे, हे उपायही त्याच काटेकोरपणे दीर्घकाळ पारखून, त्यांचा खर्च व मजुरीसह शिफारस व्हावी. शेतकऱ्याच्या आजच्या परिस्थितीस न जुळणारी शिफारस कितीही शास्त्रशुद्ध असली, तरी ती कागदावरच राहते.

शेतकरी बांधवांनीही घाई करू नये. एक हेक्टर जमिनीच्या वरच्या 15 सेंटीमीटर थरातील मातीचे वजन सुमारे 2,200 टन भरते. तेथील सेंद्रिय कर्ब 0.1 टक्क्याने वाढवावयाचा, तर दोन टनांहून अधिक कर्ब त्या थरात टिकून राहिला पाहिजे. आपल्या उष्ण हवेत घातलेल्या पाचोळ्यातील बहुतांश कर्ब कुजताना हवेत निघून जातो. म्हणजे हे काम एका पावसाळ्याचे नव्हे. मात्र पाचट पेटविण्यास एकच सायंकाळ पुरते. कमावण्यास वर्षे आणि गमावण्यास एक काडी, असा हा व्यवहार आहे.

यासाठी एक सूचना करावीशी वाटते. प्रत्येक गावात एखाद्या शेतकऱ्याने दोन-दोन गुंठ्यांचे शेजारचे दोन तुकडे कायमचे राखून ठेवावेत. पीक, बियाणे आणि रासायनिक खताची मात्रा दोहोंत सारखीच असावी. एकात मात्र काडीकचरा व हिरवळीचे खत नेमाने घालावे. प्रतिवर्षी उत्पन्न तोलून वहीत लिहावे. दर तिसऱ्या वर्षी, त्याच महिन्यात, बांध व खताच्या ढिगापासून दूर, मातीचा नमुना घेऊन तपासावा. 2015 पासून मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत सेंद्रिय कर्बाचा आकडा असतोच. तो वाचून बाजूस न ठेवता मागील आकड्याशी ताडून पाहावा.

ही वही ग्रामपंचायतीत राहावी. कार्यकर्त्याची बदली होते, शेतकऱ्याची पिढी बदलते. जमीन मात्र तेथेच असते. विद्यापीठाचा प्रयोग शेतकऱ्यास मार्ग दाखवील. परंतु आपल्याच शिवारातील, आपल्याच हाताने लिहिलेला दहा वर्षांचा आकडा त्यास जितका पटेल, तितके दुसऱ्या कोणाचेही व्याख्यान पटणार नाही. येत्या पेरणीपूर्वी ही वही उघडावी, एवढीच विनंती.