घर बघायला नव्हे, तपासायला जा



बाजारात मडके घेताना आपल्या आयाबहिणी टिचकी मारून आवाज ऐकतात, मगच पैसे देतात. प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी आणि वीस वर्षांचे कर्ज घालून घर घेताना मात्र आपली पाहणी पंधरा मिनिटांत उरकते. भिंतींना नवा रंग असतो, एजंट घाई करतो आणि आपण इसार देऊन मोकळे होतो.

विचारले तर उत्तर ठरलेले, "बँकेचा माणूस पाहून गेला. घरात खोट असती तर बँकेने कर्ज दिले असते का?" हा समज आधी मनातून काढला पाहिजे. बँकेचा मूल्यांकनकार येतो तो बँकेसाठी. कर्ज थकले तर घर विकून रक्कम वसूल होईल काय, हे पाहणे त्याचे काम. न्हाणीघराची गळती किंवा कुजलेले पाईप शोधायला तो आलेला नसतो. त्याची फी बहुधा आपल्याच खिशातून जाते, पण तो आपला माणूस नव्हे.

आमच्या भागातील एका सफाई कामगार भगिनीने निवृत्तीच्या पैशातून जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर घर घेतले. व्यवहार उन्हाळ्यात झाला. पहिल्याच पावसात स्लॅब ठिबकू लागला. सोसायटीकडे गेल्यावर कळले, मोठ्या दुरुस्तीचा ठराव आदल्या वर्षीच झाला होता आणि घरामागे दीड लाख रुपये वर्गणी ठरली होती. विकणाऱ्याने सांगितले नाही, हिने विचारले नाही. नातवाच्या शिक्षणाचे पैसे त्यात गेले.

म्हणून पहिली तपासणी स्वतःच्या डोळ्यांनी करा. शक्यतो पाऊस पडून गेल्यावर जा. न्हाणीघर व संडासाच्या भिंतीची मागची बाजू पाहा, कपाट सरकवून पाहा. फरशीवर नाणे वाजवा. आवाज पोकळ आला तर खाली मसाला नीट बसलेला नाही. सगळे नळ एकदम सोडा. पाणी किती वेळ येते हे शेजारणीला विचारा. मग गच्चीवर जा. खाली उतरून कॉलम, बीम आणि जिन्याची खालची बाजू पाहा. सिमेंट फुगून सुटले असेल, गंजलेली सळई दिसत असेल, तर तिथेच थांबा.

दुसरी तपासणी जाणकाराकडून करून घ्या. महानगरपालिकेच्या यादीवरील स्ट्रक्चरल इंजिनिअरला फी देऊन लेखी अहवाल घ्या. घराचे तोंड कोणत्या दिशेला आहे, हे विचारून वास्तुतज्ज्ञाला पैसे देणारे आता आपल्यातही दिसू लागले आहेत. सळईला गंज दिशा पाहून लागत नाही. तेच पैसे इंजिनिअरला द्या. तपासणीत मोठा दोष निघाल्यास इसार परत मिळेल, अशी अट इसारपावतीतच लिहून घ्या.

तिसरी तपासणी कागदांची. सोसायटीकडून स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल, सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त आणि थकबाकी नसल्याचा दाखला मागा. आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचे ऑडिट दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचे दर ३ वर्षांनी व्हावयास हवे. भोगवटा प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शिळफाट्याला बेकायदा इमारत कोसळून ७४ माणसे मेली. बांधकाम चालू असतानाच तिथे गरीब कुटुंबे राहायला गेली होती.

नवीन घर असेल तर प्रकल्पाचा महारेरा क्रमांक संकेतस्थळावर तपासा. २०१६ च्या रेरा कायद्यानुसार साठेखत नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. ताबा दिल्यापासून ५ वर्षांत बांधकामात दोष निघाला, तर कळवल्यापासून ३० दिवसांत त्याने तो विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा असतो. तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या.

धम्मवंदनेत आपण 'एहिपस्सिको' म्हणतो, म्हणजे या आणि स्वतः पाहा. तथागतांनी कालामांनाही सांगितले, केवळ कोणी सांगतो म्हणून मानू नका. मग एजंटच्या शब्दावर आयुष्याची कमाई का सोपवावी?

शेवटी एक सूचना. आपल्या वस्त्यांतून आज कितीतरी मुले-मुली सिव्हिल इंजिनिअर झाली आहेत. त्यांनी महिन्यातला एक रविवार विहारात द्यावा. घर घेणाऱ्या कुटुंबांनी कागद घेऊन यावे, मग दोघांनी मिळून घर पाहून यावे. बाबासाहेबांमुळे मिळालेल्या शिक्षणाची परतफेड अशीही करता येईल.

जयभीम!