विश्लेषण : ठळक अक्षराचा जोर कधी टिकतो?

मोबाइलच्या पडद्यावर आज मथळा, सवलत, सूचना असे सारेच ठळक अक्षरांत येते. लक्ष वेधण्याची ही स्पर्धा जुनी आहे. दोनशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये तिच्यासाठी खास टाइप घडला. तोच 'स्लॅब सेरिफ'.

स्लॅब सेरिफ म्हणजे काय?

रोमन अक्षराच्या टोकाला असलेली छोटी आडवी रेघ म्हणजे सेरिफ. पुस्तकांच्या टाइपात ती नाजूक, निमुळती असते. स्लॅब सेरिफमध्ये ती लादीसारखी जाड आणि चौकोनी होते. अक्षर पाय रोवून उभे असल्यासारखे दिसते. व्हिन्सेंट फिगिन्स यांनी १८१५च्या सुमारास असा टाइप 'अँटिक' नावाने आणला. नेपोलियनच्या मोहिमेनंतर युरोपात इजिप्तचे वेड होते, म्हणून अशा टाइपांना 'इजिप्शियन' हे नावही चिकटले.

गरज का भासली?

कारखानदारीबरोबर जाहिराती वाढल्या. भिंतीवरचा कागद रस्त्यावरून वाचता यायला हवा होता. अमेरिकेत डेरियस वेल्स यांनी १८२७ मध्ये यंत्राने लाकडी टाइप कोरायला सुरुवात केली आणि मोठी अक्षरे स्वस्त झाली.

'क्लॅरेंडन' का महत्त्वाचा?

लंडनमधील रॉबर्ट बेस्ली यांच्या कारखान्यात १८४५ मध्ये बेंजामिन फॉक्स यांनी हा टाइप कोरला. शब्दकोशात मूळ शब्द चटकन सापडावा, अशा कामासाठी तो साध्या मजकुराच्या शेजारी बसे. बेस्ली यांनी त्याची कायदेशीर नोंदणी केली. पण संरक्षण तीनच वर्षांचे होते. मुदत संपताच इतरांनी नकला बाजारात आणल्या. अक्षर घडवणाऱ्याच्या कष्टांचे मोल कुणी द्यायचे, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

देवनागरीत हे चालेल का?

जसेच्या तसे नाही. देवनागरीत शिरोरेखाच अक्षरांना ओळीत बांधते. जाडी वाढवली की आतली पोकळी बुजते. 'भ' आणि 'म', 'ध' आणि 'घ' यांतला फरक शिरोरेखेतल्या लहानशा फटीवरही अवलंबून असतो. ती मिटली तर वाचक अडखळतो. इंडियन टाइप फाउंड्रीच्या 'कर्म' या फॉन्टमध्ये स्लॅब वळणाची रोमन आणि देवनागरी अक्षरे एकत्र घडवली आहेत. नुसती जाडी वाढवून हे साधत नाही.

मग धडा काय?

क्लॅरेंडनचा जोर त्याच्या जाडीइतकाच शेजारच्या साध्या अक्षरांत होता. शब्दकोशातला प्रत्येक शब्द ठळक छापला असता, तर एकही सापडला नसता. औषधाच्या पाकिटावरची मुदत किंवा पुराचा इशारा ठळक हवाच. मात्र सवलतीची जाहिरातही तितक्याच जोरात ओरडू लागली, तर खरा इशारा नजरेतून निसटतो. ठळक अक्षर राखून वापरले, तरच ते वेळेला कामी येते.