ड्रॅगन मान्य, म्हणूनच अंतर मोजायचे

‘ड्रॅगन उडालेला चालतो, मग डोमकावळा किती वेळात पोहोचला याची चौकशी कशाला?’ अद्भुत मालिकेचा नवा भाग आला की चाहत्यांना हा प्रश्न विचारला जातो. या आठवड्यातही विचारला गेला. विचारणाऱ्याला वाटते, वाद इथेच संपला. मला या प्रश्नाचा मनापासून राग येतो, कारण भाग संपताच नकाशा उघडून बसणाऱ्या चाहत्यांना तो रिकामटेकडे ठरवतो आणि आळशी लेखनाला मोकळे सोडतो. माझे म्हणणे नेमके उलट आहे. कथेने एक अशक्य गोष्ट मानायला लावली की बाकीच्या गोष्टींचा हिशेब वास्तववादी कथेपेक्षाही काटेकोर ठेवावा लागतो. आणि तो हिशेब सर्वांत निष्ठेने तपासणारा समीक्षक आज चाहताच आहे.

‘गेम ऑफ थ्रोन्स’चेच दोन भाग शेजारी ठेवून पाहू. 17 एप्रिल 2011 रोजी आलेल्या पहिल्या भागात राजा रॉबर्ट विंटरफेलला पोहोचतो, तेव्हा त्याच्या लवाजम्याने महिनाभर प्रवास केलेला असतो आणि राणी सर्सी ते बोलूनही दाखवते. त्या एका महिन्यावर पुढचे बरेच काही उभे आहे. अंतर मोठे म्हणून बातमी उशिरा कळते, उशिरा कळते म्हणून संशय वाढतो, आणि वाटेतल्या खाणावळीत वैरी घराण्यांतले कॅटलिन आणि टिरियन समोरासमोर येतात म्हणून युद्धाला तोंड फुटते. आता 20 ऑगस्ट 2017 चा, सातव्या सीझनचा सहावा भाग घ्या. भिंतीपलीकडे गोठलेल्या तळ्यातल्या खडकावर जॉन स्नो आणि त्याचे सोबती मृतांच्या सैन्याच्या वेढ्यात सापडले आहेत. गेंड्री धावत ईस्टवॉचला जातो, तिथून निरोप घेऊन निघालेला डोमकावळा थेट दक्षिणेतल्या ड्रॅगनस्टोनला पोहोचतो, आणि ड्रॅगनवर स्वार झालेली डेनेरिस तेवढेच अंतर उलट कापून नेमक्या अखेरच्या क्षणी हजर होते. पडद्यावर मात्र वेढ्यातल्या माणसांची जेमतेम एक रात्र गेलेली दिसते. चाहत्यांनी लगेच अंतर आणि वेग मांडून दाखवले. दिग्दर्शक अ‍ॅलन टेलर यांनी ‘व्हरायटी’ला दिलेल्या मुलाखतीत मान्य केले की काळाचा हिशेब धूसर होतोय याची जाणीव होती, भिंतीपलीकडचा संधिप्रकाश ते झाकेल आणि भावनेचा ओघ बाकीचे निभावून नेईल, असा त्यांचा विचार होता. पण भावनेचा ओघ टिकतो कशावर? संकटातला माणूस खरोखर मरू शकतो, या भीतीवर. मदत कुठूनही वेळेवर येऊ शकते हे प्रेक्षकाला एकदा कळले की ती भीती गेली, आणि भीतीबरोबर भावनाही गेली. ढिलाई नकाशापुरती राहिलीही नाही. 5 मे 2019 च्या भागात शत्रूचे आरमार अचानक समोर येऊन ड्रॅगन पाडते, आणि निर्माते डेव्हिड बेनिऑफ यांचे स्पष्टीकरण असे की डेनेरिसला त्या आरमाराचा विसर पडला होता. अंतराकडे काणाडोळा करणाऱ्या लेखनाने अखेर आपल्या नायिकेच्या अकलेकडेही काणाडोळा केला.

नियमांचा हा आग्रह परदेशी चाहत्यांचे खूळ आहे असे आपण तरी म्हणू नये. हिरण्यकशिपूला मिळालेला वर आठवा: ना दिवसा ना रात्री, ना घरात ना बाहेर, ना माणसाकडून ना पशूकडून मरण. नरसिंह साक्षात देव. वर धुडकावून तो राक्षसाला सहज मारू शकला असता. तो तसे करत नाही. तिन्हीसांजेला, उंबरठ्यावर, एकेक अट पाळून तो वध करतो, आणि म्हणूनच पिढ्यान्‌पिढ्या श्रोते ती गोष्ट पुन्हा ऐकतात. टोल्किन यांनी ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ नकाशापासून सुरू केली आणि चंद्राच्या कलांशी मेळ बसावा म्हणून कथेतले दिवस पुन्हा जुळवले. वेग मोजणारा चाहता हाच धर्म पाळतो.

यावर पहिला आक्षेप आकड्यांचा असतो. ‘गेम ऑफ थ्रोन्स’चा अखेरचा भाग प्रसारणाच्या रात्री अमेरिकेत 1 कोटी 93 लाख लोकांनी पाहिला, आठव्या सीझनला सर्वोत्तम नाट्यमालिकेचे एमी मिळाले. मग चुकले कुठे? पण ती गर्दी आधीच्या सीझननी कमावलेल्या विश्वासाची होती. तो सीझन नव्याने बनवावा या मागणीखाली दहा लाखांहून अधिक सह्या पडल्या, त्याही याच मालिकेवर प्रेम करणाऱ्यांच्या. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: चाहत्यांचा असा काटेकोरपणा द्वेषाला आडोसा देतो. 2022 मध्ये टोल्किन यांच्याच जगावर बेतलेल्या ‘द रिंग्ज ऑफ पॉवर’ मालिकेतल्या कृष्णवर्णीय कलाकारांवर मूळ कथेवरच्या निष्ठेच्या नावाखाली वंशद्वेषी गरळ ओकले गेले. ते लाजिरवाणे होते, आणि त्याला चर्चा म्हणताच येणार नाही. एल्फच्या कातडीच्या रंगाने कथेतले एकही कारण-परिणामाचे नाते तुटत नाही. अर्ध्या खंडाचा प्रवास रात्रीत उरकला की ते तुटते. टीका कथेच्या तर्काविषयी आहे की माणसाच्या जन्माविषयी, एवढे विचारले की दोन्ही प्रकार वेगळे करता येतात.

चाहत्यांच्या बाजूने सर्वांत मोठी साक्ष ‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या मूळ पुस्तकांचे लेखक खुद्द जॉर्ज आर. आर. मार्टिन यांची आहे. सप्टेंबर 2024 मध्ये त्यांनी आपल्याच पुस्तकावरच्या ‘हाउस ऑफ द ड्रॅगन’ मालिकेतून राजपुत्र मेलर हे लहान मूल वगळल्याबद्दल जाहीर नाराजी लिहिली, ते लेखन पुढे काढून टाकले गेले. त्यांचा मुद्दा असा की पुस्तकात राणी हेलेनाला दोन मुलांतून एकाची निवड करायला भाग पाडतात. दुसरा मुलगाच नसेल तर त्या प्रसंगाची धार जाते आणि पुढच्या घटनांचे दुवेही निखळतात. चाहते करतात तोच हिशेब लेखकाने केला. पण हा हिशेब करायला प्रेक्षकाला दोन भागांमध्ये आठवडा लागतो. ‘द विचर’चा पहिला सीझन डिसेंबर 2019 मध्ये आठही भागांसह एकाच दिवशी आला. तीन वेगवेगळे काळ एकमेकांत गुंफलेली ती कथा आठवड्याच्या अंतराने आली असती, तर तो गुंता एकत्र सोडवण्यात प्रेक्षकांना किती आनंद मिळाला असता! निर्मात्यांनी दर आठवड्याला एक भाग द्यावा आणि पुढचा सीझन लिहिण्याआधी चाहत्यांची मोजमापे वाचावीत. ती मोजमापे मालिका खरी मानणाऱ्यांनी केलेली असतात, आणि अद्भुतकथेला याहून मोठा मान मिळत नाही.