घरगुती बायोडिझेल : गाडीआधी डोळे सांभाळा

तळणीच्या उरलेल्या तेलापासून घरीच बायोडिझेल करून गाडीत वापरण्याची कल्पना अनेकांना भुरळ घालते. तेल पुन्हा तळणीला वापरण्यापेक्षा हे बरे, यात शंका नाही. मात्र हे इंधन तयार झाल्यावर ते शुद्ध करण्याची पायरी बहुतेक जण केवळ इंजिनाच्या काळजीने पाहतात. धोका त्याआधी माणसाला असतो.

बायोडिझेलसाठी तेलात मेथॅनॉल आणि कॉस्टिक सोडा घालतात. 100 लिटर तेलाला साधारण 20 लिटर मेथॅनॉल लागते. ते गरजेपेक्षा जास्तच घालावे लागत असल्याने बरेचसे शिल्लक राहते. खाली बसलेले ग्लिसरीन काढून टाकले, तरी वरच्या इंधनात मेथॅनॉल, साबण, सोडा आणि थोडे ग्लिसरीन उरतेच. साबण व ग्लिसरीनमुळे फिल्टर तुंबतो, इंजेक्टर खराब होतात. म्हणून इंधन पाण्याने धुतात आणि नंतर तापवून त्यातले पाणी उडवतात.

इथेच गफलत होते. धुण्याने मेथॅनॉल नाहीसे होत नाही, ते पाण्यात उतरते. ते पाणी मोरीत ओतणे गैर आहे. न धुता इंधन तापवले तर मेथॅनॉलची वाफ खोलीत पसरते. ती सुमारे 11 अंश सेल्सिअसलाही पेट घेऊ शकते आणि तिची ज्योत दिवसा जवळजवळ दिसत नाही.

मेथॅनॉल श्वासातून आणि त्वचेतूनही शरीरात जाते. यकृतात त्याचे फॉर्मिक आम्ल बनते आणि ते डोळ्यांच्या नसेवर घाला घालते. 2015 मध्ये मुंबईत मालवणीच्या विषारी दारूने शंभराहून अधिक बळी घेतले, ते याच मेथॅनॉलमुळे. लक्षणे कित्येकदा 12 ते 24 तासांनी दिसतात, त्यामुळे 'काही झाले नाही' म्हणून थांबणे घातक ठरते. सोडा डोळ्यात उडाल्यास लगेच वाहत्या पाण्याने किमान अर्धा तास डोळा धुवावा आणि तडक रुग्णालय गाठावे.

'इंधन काचेसारखे नितळ दिसते, म्हणजे शुद्ध झाले' हा समजही चुकीचा. मेथॅनॉलला रंग नसतो. युरोपीय मानकानुसार बायोडिझेलमध्ये मेथॅनॉल 0.20 टक्क्यांपेक्षा आणि पाणी किलोमागे 500 मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. हे प्रयोगशाळेतच कळते, गच्चीवरच्या पिंपात नाही.

म्हणून हे काम घरात होऊच नये. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2018 मध्ये वापरलेले तेल गोळा करून बायोडिझेलकडे वळवण्याचा उपक्रम सुरू केला. तो हॉटेलांपुरता न राहता गृहनिर्माण संस्थांपर्यंत पोहोचायला हवा. महिन्यातून एकदा सोसायटीच्या दारात तेलाचा डबा घेणारी गाडी आली, तर स्वयंपाकघरात मेथॅनॉलचा कॅन आणण्याची वेळ कोणावर येणार नाही.