स्टेंट घातला, तो काढावयाचा केव्हा?

बंगळूरच्या कोरमंगला भागात, १९६३ साली स्थापन झालेल्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयाचे मोठे रुग्णालय आहे. या शहरात उपचारासाठी येणारे सर्वच रुग्ण शहरातले नसतात. बेळगाव येथून सुमारे ५०० किलोमीटर दूर. तिकडील मराठी कुटुंबेही अवघड दुखण्यासाठी बंगळूर गाठतात. हे अंतर सांगण्याचे कारण असे की, ज्या उपचाराविषयी येथे लिहावयाचे आहे त्यात रुग्णास पुन्हा परत यावे लागते, आणि माझ्या मते हे परत येणे म्हणजे निम्मा उपचार होय.

स्वादुपिंड हे जठराच्या पाठीमागे आडवे असते. पचनाचा प्रखर रस निर्माण करणे हे त्याचे एक कार्य. पित्ताशयातील खडा नलिकेत अडकला किंवा मद्यपानाचा अतिरेक झाला, तर हा रस आतड्यात पोहोचण्यापूर्वीच सक्रिय होऊन स्वतःच्याच इंद्रियाला पचवू लागतो. बहुतेकांच्या बाबतीत हा दाह काही दिवसांत शमतो. काहींच्या बाबतीत मात्र स्वादुपिंडाचा व भोवतालच्या चरबीचा काही भाग मृत होतो, तेथे द्रव साचतो, आणि सुमारे चार आठवड्यांत त्या साठ्याभोवती भिंत तयार होते. आत जंतूंचा शिरकाव झाला की प्राणावर बेतते.

पूर्वी अशा वेळी पोट उघडून मृत भाग काढीत असत. नेदरलँड्समध्ये ८८ रुग्णांवर झालेल्या व २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या पद्धतीने ६९ टक्के रुग्णांना मोठे उपद्रव वा मृत्यू यांस तोंड द्यावे लागले. आधी नळीने निचरा व गरज पडल्यासच पुढची पायरी, या पद्धतीत हे प्रमाण ४० टक्के होते. तेथीलच २०२१ सालच्या चाचणीत, भिंत पक्की होईपर्यंत थांबलेल्या गटातील सुमारे ३९ टक्के रुग्णांना प्रतिजैविके पुरली, निचऱ्याची गरजच पडली नाही. थांबणे हीदेखील विद्याच आहे.

निचरा आता पुष्कळदा तोंडावाटे होतो. दुर्बिणीच्या टोकाशी सोनोग्राफीचे यंत्र असते. त्याच्या साहाय्याने रक्तवाहिन्या चुकवून जठराच्या भिंतीतून साठ्यात छिद्र पाडतात व त्यात डमरूच्या आकाराचा, धातूच्या जाळीचा स्टेंट बसवितात. त्याचे रुंद काठ दोन्ही भिंती जवळ धरून ठेवतात, आणि पू जठरात वाहतो. मार्ग साधारण १५ मिलिमीटर रुंद असल्याने गरज पडल्यास त्यातून दुर्बीण आत नेऊन मृत भागही काढता येतो. पोटावर छेद नाही. रुग्णाचा ताप पुष्कळदा लवकरच उतरतो.

आणि येथेच घोटाळा होतो. साठा आटला की पोकळी मिटते आणि तिची पाठीमागची भिंत स्टेंटच्या धातूच्या काठावर घासू लागते. तेथून मोठ्या रक्तवाहिन्या जातात. त्यांपैकी एखादी झिजून फुटली, तर भयंकर रक्तस्राव होतो. कधी स्टेंट जठराच्या भिंतीत रुतून बसतो. फ्लॉरिडातील ऑर्लँडो येथील, ६० रुग्णांवरील व २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हे अनुभवास आल्यावर नियमच बदलण्यात आला: तिसऱ्या आठवड्यात सीटी स्कॅन, आणि साठा आटला असेल तर स्टेंट काढणे. म्हणजे ज्या वेळी रुग्णास आपण बरे झालो असे वाटते, नेमक्या त्याच वेळी तो स्टेंट धोक्याचा होऊ लागतो.

‘रुग्ण परत आलाच नाही, त्याला आम्ही काय करणार?’ असे उत्तर काही जण देतील. मला ते पटत नाही. कामावरचा खाडा, गाडीभाडे, सोबत येणाऱ्याचा खर्च, आणि अंगात ताप नाही; अशा स्थितीत पाचशे किलोमीटर कोण सहज येईल? म्हणून घातलेल्या प्रत्येक स्टेंटची नोंदवही रुग्णालयाने ठेवावी, काढण्याचा दिवस उलटताच स्वतः रुग्णाशी संपर्क साधावा, आणि काढण्याचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरावा. सीटी स्कॅन बेळगावातही होऊ शकतो. त्यासाठी बंगळूरची खेप घालावयास लावू नये. घरी जाताना रुग्णाच्या हाती त्याच्या भाषेतील एक कागद द्यावा. त्यावर स्टेंट काढण्याची तारीख ठळक असावी, आणि खाली लिहिलेले असावे: रक्ताची उलटी झाली, शौचास काळे झाले किंवा पुन्हा ताप आला, तर तारखेची वाट न पाहता तत्काळ जवळचे रुग्णालय गाठा व हा कागद दाखवा.