किमतींत दडलेला कर

चाकणच्या बाजारांत कांदा घेणाऱ्या एखाद्या गृहिणीस विचारिलें, "बाई, या कांद्यावर आपण कर किती दिला?" तर ती हंसून म्हणेल, "कांद्यावर कसला आला आहे कर?" कायद्याच्या दृष्टीनें तिचें म्हणणें खरें आहे, ताज्या भाजीपाल्यावर जीएसटी नाहीं. परंतु तो कांदा ज्या मालमोटारींतून आला, तिच्या डिझेलवर केंद्राचें उत्पादनशुल्क व राज्याचा मूल्यवर्धित कर असे दोन कर असतात. डिझेल जीएसटीच्या कक्षेबाहेर असल्यामुळें त्यांची पुढें वजावट मिळत नाहीं. ते भाड्यांत मिसळतात, भाडें किमतींत मिसळतें, आणि ती किंमत आपण मुकाट्यानें देतों.

ही रीत नवी नव्हे. पिंपरी-चिंचवड शहरांत मार्च २०१३ अखेरपर्यंत जकात घेतली जात असे. ती भरी व्यापारी, पण सोशी ग्राहक. त्याहून मागें मिठावरील कर दिसतो. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयांत अध्यापन केलेले गोपाळ कृष्ण गोखले यांनीं १९०२ सालीं वरिष्ठ कायदेमंडळांत त्यावर कठोर टीका केली. १९०३ सालीं तो मणामागें अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला.

अशा करांत अन्याय तो कोणता? कारखान्याचा मालक व तेथील कंत्राटी मजूर साबणाच्या एकाच वडीवर सारखाच कर देतात. पण मजुराच्या तुटपुंज्या मिळकतींतून जाणारा वांटा मोठा असतो. प्राप्तिकर मनुष्याची ऐपत पाहतो. हा कर ती पाहत नाहीं.

कोणी म्हणेल, करांवांचून रस्ते, दवाखाने व शाळा चालाव्या कशा? प्रश्न रास्त आहे. आमचें म्हणणें कर नको असें नसून, तो दिसावा एवढेंच आहे. वेष्टनावर सर्व करांसहित कमाल किंमत छापावी लागते. तिच्या शेजारींच कराचा आंकडाही छापावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून साबणाच्या वड्या व टूथपेस्ट यांवरील कर शेंकडा १८ वरून ५ वर आला. म्हणजे मूळ शंभर रुपयांची वस्तु ११८ ऐवजीं १०५ रुपयांस मिळावयास हवी. ती तशी मिळाली कीं नाहीं, हें किती घरांनीं पडताळून पाहिलें? जो कर दिसत नाहीं, त्याची सूटही दिसत नाहीं.

विद्यार्थ्यांनो, शेंकडेवारीचें गणित केवळ परीक्षेपुरतें नाहीं. घरीं येणारें प्रत्येक बिल वाचा. पालकांनींही तें मुलांकडून वाचवून घ्यावें. आपण काय देतों हें ज्यास ठाऊक आहे, तोच त्याचा हिशेब मागूं शकतो.